भयाचे आलंबन आणि भयाचा आश्रय : 'फ्रँकेनस्टाइन' (१९३१) या चित्रपटापासून स्फुरलेल्या कलाकृतींचा विचार

प्रास्ताविक

एखाद्या अभिजात भयपटापासून प्रेरणा घेऊन रंगचित्र, मुद्राचित्र, रेखाटन किंवा दुसरा चित्रपट निर्माण करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अशा निर्मितीकडे पाहण्याचे सर्वसाधारणपणे दोन दृष्टिकोन आढळतात. पहिल्या दृष्टिकोनानुसार ही निर्मिती म्हणजे चाहत्यांची हौस होय. तिला समीक्षेच्या कक्षेत आणण्याचे कारण नाही. दुसऱ्या दृष्टिकोनानुसार ती लोकप्रिय संस्कृतीचा दस्तऐवज आहे. तिचा अभ्यास समाजशास्त्राने करावा, सौंदर्यमूल्याची चर्चा तेथे अप्रस्तुत ठरते. या दोन्ही भूमिकांमध्ये एक प्रश्न अनुत्तरित राहतो : मूळ चित्रपटावरून केलेली एक कलाकृती समर्थ वाटते आणि दुसरी केवळ नक्कल वाटते, हा फरक कशामुळे पडतो? प्रेरणा आणि अनुकरण यांतील सीमारेषा कोठे आखावयाची?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जेम्स व्हेल दिग्दर्शित 'फ्रँकेनस्टाइन' (१९३१) या चित्रपटाच्या आणि त्यापासून स्फुरलेल्या काही निवडक कलाकृतींच्या आधारे केला आहे. हा चित्रपट निवडण्याचे कारण असे की, त्यातील राक्षसाच्या चेहऱ्याइतका अनुकरणाचा विषय झालेला चेहरा चित्रपटाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. मूल्यमापनासाठी लागणारा निकष मात्र भारतीय रसचर्चेतून घेतला आहे. तो का घेतला, याचे स्पष्टीकरण प्रथम देणे आवश्यक आहे.

१. निकषाची मांडणी

भयानक रसाचा स्थायिभाव भय होय. ज्याच्यामुळे भय उत्पन्न होते ते आलंबन, आणि ज्याच्या ठिकाणी भय उत्पन्न होते तो आश्रय, अशी विभागणी रसचर्चेत रूढ आहे. भयपटाविषयी बोलताना आपण जवळजवळ नेहमीच आलंबनाविषयी बोलतो. राक्षस किती अक्राळविक्राळ आहे, त्याची रंगभूषा किती परिणामकारक आहे, त्याचे दर्शन प्रथम केव्हा घडते, या प्रश्नांभोवती चर्चा फिरत राहते.

अभिनवगुप्तांनी रसास्वादाचे स्वरूप समजावून सांगताना भयानक रसाचे जे उदाहरण घेतले आहे, ते या दृष्टीने लक्षणीय आहे. ते उदाहरण कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाच्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणाऱ्या हरिणाचे आहे. हे हरिण मान वळवून मागे पाहते, बाणाच्या भीतीने अंग आक्रसून घेते, आणि त्याच्या धापा टाकणाऱ्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर गळत जातात. अभिनवगुप्तांच्या विवेचनानुसार येथे सहृदयाला प्रतीत होणारे भय 'मी भ्यालो', 'तो भ्याला' अशा व्यक्तिविशेषात आणि देशकालात अडकून राहत नाही. ते साधारण झालेले, निखळ भय असते.

या उदाहरणातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या संदर्भात महत्त्वाची आहे. भयानक रस दाखविण्यासाठी येथे हिंस्र श्वापद किंवा राक्षस निवडलेला नाही. भय उत्पन्न करणारा आहे तो नाटकाचा धीरोदात्त नायक. आणि कवीचे सारे लक्ष आहे ते भ्यालेल्या हरिणावर. म्हणजेच भयाची प्रतीती आलंबनाच्या वर्णनापेक्षा आश्रयाच्या देहावर उमटलेल्या अनुभावांतून अधिक घडते. हे सूत्र हाती धरले की १९३१ च्या या चित्रपटाची रचना, आणि त्याच्या वारसदारांचे बलाबल, दोन्ही पुष्कळसे स्पष्ट होतात. संस्कृत काव्यशास्त्रातील संकल्पना हॉलिवूडच्या चित्रपटाला लावणे कितपत उचित, अशी शंका येथे घेतली जाईल. त्या संकल्पनांचा ऐतिहासिक संबंध सुचविण्याचा हेतू नाही. एक भेद नेमका दाखविणारे साधन एवढ्याच मर्यादेत त्यांचा उपयोग येथे केला आहे.

२. व्हेल यांचा चित्रपट : आलंबनाकडून आश्रयाकडे

मेरी शेली यांची कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रँकेनस्टाइन हे कादंबरीतील निर्मात्याचे नाव. त्याने निर्माण केलेल्या जीवाला नावच नाही. पुढे लोकव्यवहारात निर्मात्याचे नाव निर्मितीला चिकटले. युनिव्हर्सल कंपनीच्या चित्रपटाने कादंबरीबरोबरच पेगी वेबलिंग यांच्या नाट्यरूपांतराचाही आधार घेतला. आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाची भूमिका करणाऱ्या नटाच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह छापलेले आहे. बोरिस कार्लॉफ हे नाव प्रेक्षकांना अखेरीस कळते.

राक्षसाचा चेहरा रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी घडविला. मेंदू आत बसवावयाचा तर कवटी वरून झाकणासारखी उघडावी लागेल, या तर्कातून सपाट डोके आले. मानेच्या दोन्ही बाजूंना दिसणारे खिळे हे वस्तुतः विद्युत्प्रवाह देण्याची अग्रे होत. जड, अर्धवट मिटलेल्या पापण्यांची सूचना स्वतः कार्लॉफ यांची होती. त्यांनी आपली काढता येणारी दातांची पट्टी काढून ठेवली आणि एका बाजूचा गाल खोलगट दिसू लागला. चेहऱ्यावर लावलेला करडा-हिरवट रंग कृष्णधवल फितीवर प्रेताच्या फिकटपणासारखा उमटे. आज सर्वत्र दिसणारा हिरवा राक्षस प्रेक्षकांनी या चित्रपटात कधीच पाहिला नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हा चित्रपट स्वतःही पूर्वीच्या कलाकृतींपासून स्फुरलेला आहे. राक्षसाच्या हल्ल्यानंतर नायिका एलिझाबेथ पलंगावर आडवी, डोके खाली लोंबकळलेल्या अवस्थेत पडलेली दिसते. त्या रचनेत हेन्री फ्युसेली यांच्या 'दुःस्वप्न' (१७८१) या प्रसिद्ध तैलचित्राची आठवण अनेक अभ्यासकांना झाली आहे. पाउल वेगेनर यांच्या 'गोलेम' (१९२०) या जर्मन मूकपटाच्या अखेरीस मातीचा अवाढव्य गोलेम एका लहान मुलीला उचलून घेतो. ती न घाबरता त्याला सफरचंद देते आणि खेळता खेळता त्याच्या छातीवरील प्राणचिन्ह काढून टाकते. व्हेल यांच्या चित्रपटातील तळ्याकाठच्या प्रसंगाचा पूर्वज म्हणून या प्रसंगाकडे पाहता येते.

चित्रपटाची रचना आलंबन आणि आश्रय या परिभाषेत मांडली तर पुढीलप्रमाणे दिसते. राक्षस प्रथम येतो तो दारातून पाठमोरा. तो सावकाश वळतो आणि तुटक झेपांनी कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. येथे तो पूर्णतः आलंबन आहे. आश्रय आहे प्रेक्षक. परंतु लगेचच छपरातील झरोका उघडला जातो. तो वर पाहतो आणि उजेड पकडण्यासाठी दोन्ही हात उंचावतो. झरोका मिटल्यावर तेच हात निर्मात्यापुढे याचनेसारखे पसरतात. त्यानंतर मदतनीस फ्रिट्झ पेटती मशाल घेऊन येतो आणि राक्षस भयाने ओरडू लागतो. भयाचा आश्रय बदलला तो येथे. पुढे साखळदंड, चाबूक, जिवंतपणी चिरफाड करण्याचा डॉ. वाल्डमन यांचा बेत, आणि शेवटी मशाली घेतलेल्या गावकऱ्यांनी वेढलेल्या पवनचक्कीत आगीने कोंडलेला राक्षस, असा हा प्रवास आहे. आरंभी ज्याच्यापासून प्रेक्षक दूर सरकला, त्याच्याच जागी उभा राहून तो अखेरीस ज्वाळांकडे पाहतो. शिकार करणारे कोण आणि हरिण कोण, याविषयी शेवटच्या दृश्यात संदेह उरत नाही.

या स्थित्यंतराचा मध्यबिंदू म्हणजे तळ्याकाठचा प्रसंग. मारिया नावाची लहान मुलगी राक्षसाला खेळावयास बोलावते, त्याच्या हाती फुले देते. दोघे मिळून फुले पाण्यात टाकतात, ती तरंगतात. फुले संपल्यावर तो मारियाला उचलून पाण्यात टाकतो. तीही तरंगेल, अशी त्याची समजूत असते. ती बुडते, तेव्हा तो गोंधळून, घाबरून पळत सुटतो. हा प्रसंग १९३१ मध्येच अमेरिकेतील काही राज्यांच्या परिनिरीक्षण मंडळांना असह्य वाटला आणि पुढे पुनःप्रदर्शनासाठी तयार केलेल्या प्रतींतूनही त्याचा शेवट कापला गेला. दीर्घकाळ प्रेक्षकांनी पाहिला तो केवळ मुलीकडे हात नेणारा राक्षस, आणि नंतर मृत मुलीला हातांवर घेऊन गावातून चालणारा बाप. कापलेला भाग १९८० च्या दशकात चित्रपटात पुन्हा समाविष्ट झाला.

या कात्रीने घडविलेला परिणाम उलटा होता. निर्बुद्ध निरागसतेतून घडलेला मृत्यू पडद्यावरून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी प्रेक्षकाच्या मनातील वाईटात वाईट तर्क आला. राक्षसाचे घाबरून पळणे, म्हणजेच त्याच्या ठिकाणचा अनुभाव, नेमका त्या कापलेल्या भागात होता. परिनिरीक्षकांनी आश्रय वगळला आणि आलंबन शिल्लक ठेवले, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

३. चेहऱ्याचे वारसदार

चित्रपटापासून स्फुरलेल्या कलाकृतींचा पहिला आणि संख्येने सर्वांत मोठा वर्ग या चेहऱ्याच्या वारसदारांचा आहे. त्यांचा विचार करताना चेहरा ही मालमत्ता आहे, हे व्यावहारिक सत्य विसरता येत नाही. कादंबरी कोणालाही वापरता येत असे. परंतु पिअर्स यांनी घडविलेल्या चेहऱ्यावर युनिव्हर्सलचा हक्क होता. त्यामुळे ब्रिटनमधील हॅमर कंपनीने १९५७ मध्ये 'द कर्स ऑफ फ्रँकेनस्टाइन' काढला, तेव्हा क्रिस्टोफर ली यांच्यासाठी फिल लीकी यांना सर्वस्वी निराळी रंगभूषा योजावी लागली. नटांच्या चेहऱ्याचाही प्रश्न न्यायालयात गेला. 'ड्रॅक्युला' (१९३१) मधील बेला लुगोसी यांच्या वारसांनी युनिव्हर्सलविरुद्ध लावलेल्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये निर्णय दिला की, आपल्या प्रतिमेचा व्यापारी उपयोग करण्याचा हक्क व्यक्तिगत असून तो वारसाहक्काने पुढे जात नाही. त्यानंतर १९८४ मध्ये त्या राज्याने कायदा करून मृत व्यक्तीच्या वारसांना असा हक्क दिला. अमेरिकन कायद्यानुसार १९३१ च्या चित्रपटांना असलेले पंचाण्णव वर्षांचे संरक्षण २०२६ च्या अखेरीपर्यंतचे आहे. तात्पर्य, या चेहऱ्यावरून चित्र काढणारा कलावंत मोकळ्या माळावर उभा नसतो. तो कुंपणाजवळ उभा असतो.

या वर्गातील दोन कलावंतांची तुलना उद्बोधक ठरेल. अँडी वॉरहॉल यांचे 'द किस (बेला लुगोसी)' हे १९६३ चे मुद्राचित्र 'ड्रॅक्युला'मधील एका दृश्यचौकटीवर आधारलेले आहे. लुगोसी नायिकेच्या मानेवर झुकलेले आहेत. वॉरहॉल यांनी ती चौकट रेशीमजाळीच्या तंत्राने कागदावर उतरविली. शाईच्या गडदपणामुळे तपशील बुजतात, आणि चुंबन व दंश यांतील अंतर नाहीसे होते. शीर्षकानेही तो घोटाळा जाणीवपूर्वक वाढविला आहे. हे चित्र बुद्धिमान आहे, यात शंका नाही. तथापि त्यात भय कोणाच्याच ठिकाणी नाही. नायिकेचे भय पुसले गेले आहे आणि पिशाचाची भूकही थंड झाली आहे. वृत्तपत्रातील छायाचित्र पुन्हा पुन्हा छापले म्हणजे जो बधिरपणा येतो, तो या चित्राचा खरा विषय आहे. प्रतिमेच्या अतिपरिचयाचे भाष्य म्हणून ते मोलाचे आहे. मूळ चित्रपटाला दिलेला प्रतिसाद म्हणून मात्र ते आलंबनापाशीच, तेही गोठलेल्या आलंबनापाशी, थांबते.

बेसिल गोगोस यांचे काम याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' या अमेरिकन नियतकालिकासाठी त्यांनी १९६० पासून मुखपृष्ठे रंगविली. हे नियतकालिक मुलांसाठी होते आणि कलादालनांशी त्याचा संबंध नव्हता. गोगोस यांच्यापुढे संदर्भासाठी कृष्णधवल छायाचित्रे असत. मूळ रंग शोधण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी चेहऱ्यावर वेगवेगळ्या बाजूंनी लाल, हिरवे, पिवळे, जांभळे प्रकाशझोत पडले आहेत अशी कल्पना केली. परिणामी कार्लॉफ यांच्या चेहऱ्यावरील प्रत्येक खळगा, पापणीचा जडपणा, ओठांचा ताण हे सारे रंगांच्या सीमारेषांवर उमटले. मुखपृष्ठाचे काम दुकानात लक्ष वेधून घेणे हे असल्याने येथे आलंबनाची भडक मांडणी होणारच. परंतु चेहऱ्याच्या स्नायूंकडे इतक्या बारकाईने पाहिल्यामुळे मुखवट्याआडचा नट आणि नटाच्या ठिकाणचे दुःख दोन्ही पृष्ठभागावर आले. म्हणूनच वॉरहॉल यांच्या तुलनेत व्यापारी असलेले हे काम व्हेल यांच्या चित्रपटाच्या गाभ्याशी अधिक जवळचे आहे, असे माझे मत आहे. प्रतिष्ठेची उतरंड आणि प्रेरणेची सखोलता यांचा क्रम एकच असतो असे नाही.

१९९७ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने अभिजात चित्रपटांतील राक्षसांची पाच तिकिटे काढली आणि त्यांत कार्लॉफ यांचा हा चेहराही होता. ज्या चित्रपटातील प्रसंग एके काळी कापण्यात आले, त्याच चित्रपटाच्या चेहऱ्याला शासकीय मान्यता मिळाली. चेहरा निरुपद्रवी झाल्याचे याहून ठळक प्रमाण देता येणार नाही.

४. कापलेल्या जागेचे वारसदार

दुसऱ्या वर्गातील कलावंत चेहऱ्याकडून न जाता कापलेल्या प्रसंगाने निर्माण केलेल्या रिक्त जागेकडून मूळ चित्रपटात शिरतात. या वर्गातील सर्वश्रेष्ठ कृती म्हणजे व्हिक्टर एरिसे यांचा 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' (१९७३) हा स्पॅनिश चित्रपट. त्याच वर्षी सान सेबास्तियान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

कथानकाचा काळ १९४० च्या सुमाराचा आहे. स्पेनमधील यादवी युद्ध १९३९ मध्ये संपले आहे. कास्तिलच्या उजाड पठारावरील एका खेड्यात फिरता सिनेमा येतो आणि गावच्या सभागृहात 'फ्रँकेनस्टाइन' दाखविला जातो. आना आणि इसाबेल या दोन लहान बहिणी तो पाहतात. पडद्यावर मारिया आणि राक्षस फुले पाण्यात टाकतात, आणि त्यानंतर दिसतो तो मृत मारियाला घेऊन चालणारा बाप. मधले काहीच दिसत नाही. आना बहिणीला विचारते : त्याने तिला का मारले? आणि मग त्यालाही का मारले? हे दोन प्रश्न म्हणजे एरिसे यांच्या संपूर्ण चित्रपटाचे बीज होय. परिनिरीक्षकाच्या कात्रीने पाडलेले भगदाड एका मुलीच्या तोंडून प्रश्न होऊन बाहेर येते. आणि तो प्रश्न विचारला जातो अशा देशात, जेथे कोणाला का मारले हे विचारण्याची सोय उरलेली नाही. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा फ्रँको हयात होता व चित्रपटांवर परिनिरीक्षण चालू होते, ही बाब येथे नोंदविली पाहिजे.

इसाबेल उत्तर देते की सिनेमात सारे खोटे असते, कोणीच मेलेले नाही. राक्षस हा एक आत्मा आहे आणि डोळे मिटून आपले नाव सांगितले की तो भेटतो. आना हे शब्दशः खरे मानते. पुढे गावाबाहेरच्या ओसाड गोठ्यात तिला जखमी, फरारी सैनिक सापडतो. ती त्याला सफरचंद देते, वडिलांचा कोट आणून देते. तो कोण, कोणत्या पक्षाचा, हे चित्रपट शब्दांत सांगत नाही. रात्री अंधारात गोळीबाराच्या ठिणग्या दिसतात. सकाळी त्याचे प्रेत ठेवलेले असते ते त्याच सभागृहात, जेथे चित्रपट दाखविला गेला होता, पडद्यापाशी.

एरिसे यांनी व्हेल यांच्या चित्रपटातून काय घेतले, हे तपासले तर पुढील गोष्टी हाती लागतात. शाळेत पुठ्ठ्याच्या मानवाकृतीला एकेक अवयव लावण्याचा पाठ चालतो आणि डोळे लावण्याची पाळी आनाची येते. प्रयोगशाळेतील शरीररचनेचा हा खेड्यातील पडसाद आहे. फरारी माणसाला दिलेले सफरचंद 'गोलेम'मधील मुलीची आठवण करून देते. दिग्दर्शकाचा तसा हेतू असो वा नसो, दानाची ही कृती तीच आहे. रानात पळून गेलेल्या आनाला रात्री पाण्याकाठी राक्षस भेटतो आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून बसतो. हा राक्षस पिअर्स यांच्या चेहऱ्याचाच आहे. परंतु चेहऱ्याची नक्कल येथे मुख्य नाही. तळ्याकाठचा अपुरा राहिलेला प्रसंग एक मूल पुन्हा पूर्ण करू पाहत आहे, आणि या वेळी मुलीने त्या स्पर्शाची वाट पाहिली आहे. भयाचा आश्रय म्हणून राक्षसाला ओळखणारी पहिली व्यक्ती मारिया होती. दुसरी आना आहे.

इसाबेलचे 'सारे खोटे असते' हे वाक्य समीक्षेच्या दृष्टीनेही विचार करावयास लावणारे आहे. प्रौढ प्रेक्षक याच जाणिवेच्या आधारे भयपटाचा आस्वाद घेतो. आनापाशी ही जाणीव नाही. तिच्या ठिकाणी साधारणीकरण घडत नाही. ती रसिक नाही, ती साक्षीदार आहे. चित्रपटाच्या अखेरीस डॉक्टर तिच्या आईला धीर देतात की मुलगी हळूहळू सारे विसरेल. आना मात्र रात्री खिडकीपाशी जाऊन पुन्हा आपले नाव उच्चारते. एका भयपटापासून निर्माण झालेल्या कलाकृतीने मूळ प्रश्न इतक्या चिकाटीने जिवंत ठेवल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

याच रिक्त जागेवर पुढच्याच वर्षी विनोदाची इमारत उभी राहिली. मेल ब्रुक्स यांचा 'यंग फ्रँकेनस्टाइन' (१९७४) हा कृष्णधवल चित्रपट. त्यात केनेथ स्ट्रिकफाडेन यांनी १९३१ च्या प्रयोगशाळेसाठी बनविलेली मूळ उपकरणेच वापरली होती. त्यातील लहान मुलगी राक्षसाबरोबर विहिरीत फुलांच्या पाकळ्या टाकते. पाकळ्या संपतात. आता काय टाकायचे, असे ती विचारते. राक्षस सावकाश कॅमेऱ्याकडे पाहतो. प्रेक्षक हसतो, कारण कापलेल्या जागी आपण आजवर काय भरले होते, ते त्याच्या ध्यानात येते. विडंबन असूनही ही कृती व्हेल यांच्या चित्रपटाशी प्रामाणिक आहे, कारण राक्षसाची नजर ती आपल्याकडे वळविते आणि तर्काची जबाबदारी आपल्यावर टाकते.

५. चेहरा नाकारणारे वारसदार

तिसरा वर्ग चित्रपटाचा प्रभाव नाकारून कादंबरीकडे परतणाऱ्यांचा आहे. अमेरिकन चित्रकार बर्नी राइटसन यांनी शेली यांच्या कादंबरीसाठी केलेली शाईची रेखाटने १९८३ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांतील जीवाचे केस लांब आहेत, त्वचा ताणलेली आहे, देह चपळ आहे. सपाट डोके आणि मानेतील अग्रे तेथे नाहीत. रेषांचे दाट जाळे हे जुन्या लाकूडकोरीव चित्रांच्या परंपरेची आठवण करून देते. हे रूप चित्रपटातून आलेले नाही. परंतु चित्रपटाचा चेहरा इतका सर्वव्यापी झाला नसता, तर तो टाळण्याची निकड राइटसन यांना इतकी भासली नसती. नकार हाही प्रेरणेचाच एक प्रकार होय. गिलेर्मो देल तोरो यांच्या २०२५ च्या 'फ्रँकेनस्टाइन'मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात. व्हेल यांच्या चित्रपटाचा बालपणी झालेला संस्कार आणि राइटसन यांच्या रेखाटनांचे ऋण या दोहोंचा उल्लेख त्यांनी वारंवार केला आहे. त्यांच्या चित्रपटात राक्षस स्वतःची कथा स्वतः सांगतो. कादंबरीप्रमाणेच येथे आश्रयाला वाचा मिळते.

परंतु वाचा मिळाल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. व्हेल यांचा राक्षस मुका होता, म्हणून त्याचे भय हात, पापण्या आणि आरोळी यांतून पाहावे लागे. बोलणारा राक्षस आपली बाजू मांडतो, आणि बाजू मांडली गेली की प्रेक्षक न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. मूक आश्रय अनुभावांवाचून दुसरे काही देऊ शकत नाही. त्यामुळेच तो अधिक अस्वस्थ करतो.

६. आक्षेप आणि निष्कर्ष

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. राक्षसाविषयी करुणा हाच निकष मानला, तर भयानकाचे रूपांतर करुणात होईल आणि भयपट भयपट राहणार नाही. आक्षेप ग्राह्य आहे. परंतु तो प्रस्तुत निकषाला लागू पडत नाही. आश्रय दाखविणे म्हणजे अपराधाची सफाई देणे नव्हे. व्हेल यांच्या चित्रपटात मारिया मरते, आणि बाप तिला हातांवर घेऊन लग्नाच्या उत्सवातून चालत येतो. हे दृश्य राक्षसाविषयीच्या सहानुभूतीने सौम्य होत नाही. एरिसे यांच्या चित्रपटातही इसाबेल मांजराचा गळा आवळून पाहते, मेल्याचे सोंग घेऊन बहिणीला घाबरविते. क्रौर्य बालपणाबाहेरचे नाही, याची जाण त्यांना आहे. मृत मुलगी आणि भ्यालेला राक्षस, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दृष्टीपुढे ठेवणे, ही या परंपरेची कसोटी होय. केवळ पहिली ठेवली तर भित्तिपत्रक होते. केवळ दुसरी ठेवली तर भाबडी करुणा उरते.

या विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. एक, भयपटापासून स्फुरलेल्या कलाकृतीचे मूल्य तिच्या माध्यमाच्या प्रतिष्ठेवरून ठरत नाही. मुलांच्या नियतकालिकाचे मुखपृष्ठ कलादालनातील मुद्राचित्राहून मूळ कृतीच्या अधिक जवळ असू शकते. दोन, चेहऱ्याचे साम्य हे प्रेरणेचे प्रमाण नव्हे. तीन, मूळ कृतीतील उणीव, कापलेला भाग, न दिलेले उत्तर हीच पुष्कळदा नव्या निर्मितीची सर्वांत सुपीक जागा असते. चार, भयाचा आश्रय कोण, हा प्रश्न नव्या कलावंताने नव्याने विचारला आहे किंवा नाही, यावरून प्रेरणा आणि अनुकरण यांतील भेद बऱ्याच अंशी निश्चित करता येतो.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा उपयोग साधा आहे. विद्यार्थी सपाट डोक्याचा, हिरव्या चेहऱ्याचा राक्षस रंगवून आणतो, तेव्हा आपण त्याच्या रेखांकनाची शुद्धता तपासतो, फार तर ते मौलिक नसल्याचे सांगतो. त्याऐवजी त्याला १९३१ च्या चित्रपटातील झरोक्याचा प्रसंग दाखवावा आणि विचारावे की, हात वर करणाऱ्या या जीवाला त्या क्षणी काय दिसत असेल. त्या उत्तरातून निघालेल्या चित्रात राक्षस कदाचित दिसणारही नाही. छपरातून आलेला उजेडाचा एक तुकडा आणि त्यावर येऊ घातलेले झाकण एवढेच दिसेल. असे चित्र व्हेल यांच्या चित्रपटाचे अधिक जवळचे वारस ठरेल.